जुन्या सायकलीची वहिवाट

बऱ्हाणपुराहून दक्षिणेस निघून तापीचा पूल ओलांडणारा, शाहपुराला स्पर्श करून इच्छापुरावरून महाराष्ट्राच्या हद्दीत मुक्ताईनगराकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या घाटवाटांच्या मानाने बराच सपाट आहे. दोन्ही अंगांना काळी कसदार जमीन, केळीचे मळे, आणि गावागावांतील अंतर असे की ते पायी चालणाऱ्याला फार व मोटारीत बसणाऱ्याला नगण्य वाटावे. सायकलीसाठी मुद्दाम आखावयाचा म्हटला असता तरी याहून सोयीचा मुलूख कोणा इंजिनिअराला आखता आला नसता. आणि तरीही, ज्या प्रदेशात एका पिढीपूर्वी तहसिलीच्या कचेरीपुढे, बऱ्हाणपूरच्या ताप्ती मिलच्या फाटकापाशी आणि शाळांच्या आवारात सायकली रांगेने उभ्या असत, तेथे आज त्या दांडीच्या काळ्या सायकली गोठ्याच्या भिंतीला टेकलेल्या, कोंबड्यांना रात्री बसावयास दिलेल्या, किंवा चेनकव्हर केळीच्या सोपटाने बांधून अडगळीत टाकलेल्या आढळतात. मालक बहुधा अशी सायकल फुकटही देऊ करतो. तथापि फुकट न घेता भंगाराच्या वजनाने का होईना, किंमत चुकवून आणि दोन ओळींची पावती लिहून घेऊन ती घ्यावी, म्हणजे पुढे ती रस्त्यावर चकाकू लागल्यावर मालकीविषयी कोणाच्या मनात शंका उरत नाही.

अशी सायकल अल्प मोलात घेऊन, ती उघडून, धुऊन, पुन्हा जुळवून नित्याच्या वापरात कशी आणावी, याची माहिती देण्याचा येथे विचार आहे. प्रारंभीच एक मत सांगून ठेवतो: जुन्या सायकलीच्या बाबतीत रंग, झिलई आणि मूळच्या छापाची चित्रे यांचा विचार सर्वांत शेवटी करावा, किंबहुना केला नाही तरी चालेल. शहरांतून अलीकडे जुन्या वस्तूंचा जो षोक वाढला आहे, त्यात अशी सायकल दिवाणखान्यात उभी करण्याचाही प्रघात पडू लागला आहे. परंतु ज्याच्या प्रत्येक झिजणाऱ्या भागाला आवळण्याची, सैल करण्याची आणि बदलण्याची सोय करणाऱ्यानेच ठेवलेली आहे, त्या यंत्राची शोभेची वस्तू करणे म्हणजे त्याच्या कर्त्याची सारी योजनाच रद्द करणे होय.

ती योजना फार जुनी आहे. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ले याने ‘रोव्हर’ नावाची सायकल सिद्ध केली. तिच्या आधीच्या सायकलींचे पुढले चाक पुरुषभर उंच असे आणि पडणारा माणूस डोक्यावर पडे, तर रोव्हरची दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची असून मागल्या चाकाला साखळीने गती मिळत असे. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेला टायर केला, आणि या दोन कल्पनांच्या संयोगातून आजची सायकल जन्मली. योगायोग असा की, त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले; ज्या घराण्याचे लोखंडी नांगर पुढे महाराष्ट्रभर शेतकऱ्यांच्या हाती आले, त्याच्या उद्योगाचा श्रीगणेशा सायकलीने झाला आहे. इंग्रजांनी वसाहतींच्या खडबडीत रस्त्यांसाठी जो नमुना पाठविला, तो ‘रोडस्टर’ या नावाने ओळखला जातो: २८ इंची चाके, दीड इंच रुंदीचे टायर, ताठ बसावयास लावणारे उंच हँडल, सळयांनी ओढले जाणारे ब्रेक, आणि पाऊण मण नसले तरी वीस-बावीस किलो वजन. रॅले, बी.एस.ए., हर्क्युलिस, हंबर ही नावे आपल्याकडे त्या काळी घराण्यांच्या नावांसारखी उच्चारली जात.

स्वातंत्र्यानंतर हीच सायकल आपल्या देशात होऊ लागली. मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना होताच. १९४९ साली मद्रासेत टी.आय. सायकल्सची स्थापना झाली, बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅलेने कारखाना उभारला, १९५१ साली सोनीपतला ‘अ‍ॅटलस’ आणि १९५६ साली लुधियानाला ‘हिरो’ सुरू झाली. १९५०-५१ साली देशात वर्षाकाठी सुमारे एक लाख सायकली तयार होत. दहा वर्षांनी तो आकडा दहा लाखांच्या वर गेला होता. या इतिहासातील जी गोष्ट दुरुस्ती करणाराच्या कामाची आहे ती अशी की, एवढ्या उलाढालीत मापे मात्र बदलली नाहीत. टायरचा घेर, छर्ऱ्यांचा व्यास, साखळीच्या कडीची लांबी, आऱ्यांची संख्या ही इंचांतली सारी मापे विलायती नमुन्यावरून जशीच्या तशी उचलली गेली आणि मीटर-सेंटिमीटरचे कायदे झाल्यानंतरही कायम राहिली. म्हणून आजोबांच्या सायकलीला आज लुधियानाहून आलेला कोन, म्हणजे आसावरचा शंकूसारखा नट, बसतो. यंत्रयुगात इतके दीर्घायुष्य लाभलेली मापे थोडी असतील. अपवाद एक लक्षात ठेवावा: रॅले कंपनी पायडलांमधल्या कपाला आणि हँडलच्या कपाला इंचात २४ ऐवजी २६ आटे पाडीत असे, आणि त्या आट्यांत दुसरा कप जबरदस्तीने पिळला तर कप आणि फ्रेम दोन्ही वाया जातात. फ्रेमवरची पाटी गळालेली असली तरी दातेरी चक्रावरून घराणे ओळखता येते. रॅलेच्या चक्रात बगळ्यांच्या माना कोरलेल्या असतात, बी.एस.ए.च्या चक्रात ती तीन अक्षरे असतात, आणि रज कंपनीच्या चक्रात माणसाच्या हाताचा पंजा असतो.

शाहपुरात सायकली दुरुस्त करण्यात हयात घालविलेल्या एका वृद्ध कारागिराला मी अशीच एक गंजकी सायकल दाखविली, तेव्हा त्याने घंटीकडे, सीटकडे, फाटक्या टायरांकडे ढुंकूनही पाहिले नाही. “आधी फ्रेम बघा भाऊ,” तो म्हणाला, “बाकी सगळं लुधियानाहून येतं.” खरेदीच्या वेळी करावयाच्या परीक्षेचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले आहे. हँडल ज्या उभ्या नळीत फिरते, तिच्या मागे आडवी व तिरपी नळी जेथे मिळतात, तेथे खालून बोट फिरवून पाहावे. रंगाला सुरकुत्या असतील किंवा नळीला किंचित फुगवटा लागत असेल, तर ती सायकल पूर्वी कशावर तरी समोरून आदळलेली आहे. तीच गोष्ट पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची. बाजूने पाहता चिमटा हँडलच्या नळीच्या रेषेत उतरून शेवटी पुढे वळलेला दिसला पाहिजे; मागे ढकललेला दिसला तर सौदा सोडावा. फ्रेम सरळ आहे की नाही हे सुतळीने कळते. मागच्या चाकाच्या एका खाचेला सुतळी बांधावी, ती हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावी, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजावे. ते सारखे भरले तर फ्रेम निकोप. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक त्या काळच्या कारखान्यांनीही क्षम्य मानला असावा. वरवरच्या गंजाला भिऊ नये. नळ्या जाड पोलादाच्या असतात, सांधे पितळेच्या झाळेने भरलेले असतात, आणि गंजाला आतपर्यंत पोहोचावयास पुष्कळ पावसाळे लागतात. हँडलवर किंवा पुढच्या आसावर एखाद्या जुन्या नगरपालिकेच्या सायकलकराचा पितळी बिल्ला अडकलेला सापडला, तर तो काढू नये. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे गुन्हे ज्या काळी शिपाई गंभीरपणे नोंदवून घेत असे, त्या काळाचा तो दस्तऐवज आहे.

आता मुख्य कामाकडे वळू. दुकानात ज्याला ‘बीबी’ म्हणतात तो पायडलांच्या मधला आस हा जुन्या सायकलीचा सर्वांत उपेक्षित भाग, कारण तो दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचाही, कारण चालविणाऱ्याची सारी शक्ती तेथून जाते. तो उघडावयाचा तर आधी दोन्ही क्रँक काढावे लागतात, आणि क्रँक आसावर बसविलेले असतात ते कॉटर नावाच्या, एका बाजूने उतरत्या घासलेल्या बोटभर खुंटीने. वर्षानुवर्षे पावसात राहिलेली ही खुंटी निघता निघत नाही, आणि नवशिक्यांचे बहुतेक अपघात येथेच होतात: ते नट काढून टाकतात, आट्यांवर हातोडीच्या बारीक बारीक ठोक्यांचा मारा करतात, खुंटीचे टोक छत्रीसारखे पसरते, आणि मग ती कोणत्याही उपायाने निघत नाही. योग्य रीत अशी की, आदल्या रात्री सांध्यावर रॉकेल किंवा पातळ तेल सोडून ठेवावे; नट पूर्ण न काढता खुंटीच्या टोकाशी समपातळीत येईल एवढाच सैल करावा, म्हणजे ठोक्याचा भार आट्यांवर न येता नटावर येईल; क्रँकखाली लोखंडी नळीचा किंवा दगडाचा भक्कम आधार द्यावा; आणि जड हातोडीने एकच, निश्चयाचा घाव घालावा. आधार न देता ठोकले तर तो घाव आतल्या छर्ऱ्यांना बसतो आणि प्रत्येक छर्रा कपाच्या गुळगुळीत वाटेवर खळगा पाडतो. पुढे कितीही ग्रीस भरले तरी पायडल फिरविताना ती कुरकुर पायाला जाणवत राहते.

क्रँक निघाले की डावीकडची वलयाकृती चावी सोडवून डावा कप उघडावा. उजवा कप, म्हणजे चेनच्या बाजूचा, सहसा काढू नये, आणि काढावाच लागला तर त्याचे आटे उलटे आहेत हे विसरू नये. डाव्या पायडलाचे आटेही असेच उलटे असतात. याचे कारण मनोरंजक आहे. पाय सदैव खालीच दाबत असतो, पण पायडलाचा दांडा ज्या छिद्रात बसविला आहे ते छिद्र क्रँकबरोबर गोल फिरत असते. आट्यांमध्ये केसाएवढी जी फट राहते तीतून दांडा छिद्राच्या कडेवर घरंगळत जातो, आणि ही घरंगळ क्रँकच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने होते. डाव्या बाजूला सरळ आटे ठेवले असते तर पायडल मारता मारता आपोआप उकलून रस्त्यावर पडले असते.

आत जे दिसते ते पाहून खिन्न होऊ नये. ग्रीसचे काळे, मेणासारखे घट्ट झालेले पापुद्रे, त्यात रेतीचे कण, आणि त्यांत अडकलेले पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूस ११. ते सारे रॉकेलच्या थाळीत टाकून जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने धुवावे. धुतल्यावर छर्रा बोटांवर फिरवून उजेडात पाहावा. तो आरशासारखा राहिला असेल तर ठीक, पण धुरकट किंवा टवके उडालेला एकही असला तरी सगळेच नवे घालावेत, कारण जुने छर्रे झिजून यत्किंचित लहान झालेले असतात आणि मोठ्या-लहानांच्या पंक्तीत सारा भार मोठ्यांवरच येतो. आसावरची छर्ऱ्यांची वाट नखाने तपासावी. नख अडखळले तर आस बदलावा. मग कपात भरपूर ग्रीस भरून, त्यात छर्रे एकेक करून टेकवून, आस आत सोडावा आणि डावा कप हाताने आवळीत न्यावा. किती आवळावा, हे पुस्तकाने शिकविता येत नाही, पण कसोटी सांगता येते: आस दोन बोटांनी फिरविला असता खरखर लागता कामा नये आणि हलविला असता खुळखुळता कामा नये. या दोहोंच्या मधली जागा जेमतेम पाव फेऱ्याची असते. चावी आवळताना कप पुन्हा किंचित फिरतो आणि सारी मेहनत वाया जाते, म्हणून एका पान्याने कप धरून दुसऱ्याने चावी आवळावी. कॉटर परत बसविताना दोन्ही खुंट्या परस्परविरुद्ध दिशांनी घालाव्यात. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत आणि चालविणारा लंगडल्यासारखा दिसतो.

हीच कोन-कपाची व्यवस्था दोन्ही चाकांत आणि हँडलमध्ये आहे. छर्ऱ्यांची मापे तेवढी निराळी. मागच्या चाकात पाव इंची ९-९, पुढच्यात त्याहून बारीक १०-१०. चाकाचे कोन नीट आवळले आहेत की नाहीत, याची एक सुंदर परीक्षा आहे: चाक मोकळे सोडले असता व्हॉल्व्हच्या इवल्याशा वजनाने ते स्वतःहून झुलत झुलत व्हॉल्व्ह तळाशी आणून थांबले पाहिजे.

चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणे हे मात्र कलेचे काम आहे, आणि तेथे कारागिराला मजुरी देण्यात कमीपणा मानू नये. जुन्या इंग्रजी वहिवाटीप्रमाणे या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. माणसाचा आणि मागे लादलेल्या ओझ्याचा भार मागच्या चाकावर अधिक येतो, म्हणून ही विषम वाटणी. आऱ्यांवर चाक उभे राहते असे आपण समजतो, पण बैलगाडीच्या लाकडी आऱ्याप्रमाणे ही बारीक तार भाराखाली टिकाव धरू शकत नाही. प्रत्येक तार आधीच ताणून ठेवलेली असते. भार येतो तेव्हा जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. म्हणून सैल तारा असलेल्या चाकाला खड्ड्यात धक्का बसला की ताण संपूनच जातो आणि रिम मुरडते. तार छेडून तिचा आवाज ऐकावा. एका बाजूच्या साऱ्या तारांचा स्वर जवळजवळ एक असावा. या सायकलीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, जो नव्या सायकलींवर शिकलेले कारागीर विसरतात. तिचे ब्रेक रिमेच्या कडांना दोन बाजूंनी चिमटीत न धरता, रिमेच्या आतल्या अंगाला खालून वर ओढले जातात. म्हणून चाक थोडे डावे-उजवे डुलले तरी चालते, पण वर-खाली उडी घेणारे चाक चालत नाही, कारण प्रत्येक फेऱ्यात गुटके एकदा घट्ट लागतात आणि एकदा सुटतात.

ब्रेकांविषयी कटू सत्य सांगितले पाहिजे. सळयांच्या सांध्यांतील खिळे घट्ट करून, गुटके नवे घालून, ते रिमेला सर्वांगाने टेकतील असे वाकवून घेतले, तरी हे ब्रेक कोरड्या दिवशी समाधानकारक आणि पावसात जवळजवळ निरुपयोगी असतात; ओल्या, झिलईदार पोलादावर रबर घसरते, आणि दोन-तीन फेऱ्यांत पाणी पुसले गेल्यावरच पकड येते. पावसाळ्यात उताराच्या आधीच हलके हलके ब्रेक लावीत रिम पुसून घ्यावी. ज्याला हे मान्य नसेल त्याने पावसाळ्याचे चार महिने ही सायकल काढू नये.

टायर-ट्यूब नवीच घ्यावीत; काटकसर येथे करू नये. हवा सुमारे ५० पौंडांची असावी, म्हणजे अंगठ्याने दाबले असता टायर जेमतेम दबावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा उन्हात उभी केलेली सायकल ‘फुटते’, आणि लोक म्हणतात की हवा तापून फुगली. हिशेब करून पाहू. सकाळी २५ अंशांवर भरलेली ५० पौंड हवा उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तरी वातावरणाचा दाब धरून गणित केले असता ती ५७-५८ पौंडांच्या पलीकडे जात नाही. धडधाकट टायर एवढे निमूटपणे सोसतो. फुटतो तो आधीच कुजलेला टायर, ज्याच्या आतले सूत तुटून बाजूला चीर पडलेली असते. आणि सुटते ते उष्णतेने मऊ झालेल्या सोल्युशनावरचे ठिगळ. आत गेटर लावून अशी चीर झाकण्याची युक्ती गावात सर्रास चालते आणि बाजारापर्यंत जावयास ती पुरतेही, परंतु लांबच्या रस्त्यावर तिच्यावर भिस्त ठेवू नये. हवा दोन दिवसांत आपोआप उतरत असेल, तर पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्ह पाहावा. या सायकलीचा व्हॉल्व्ह वुड्स नावाच्या इंग्रजाच्या युक्तीचा, म्हणजे १८९० नंतरच्या दशकातला आहे. एका छिद्रावर चढविलेली इंचभर रबरी नळी, दुकानातल्या भाषेत वॉलट्यूब, हेच त्याचे दार. उन्हाने ते रबर चिकटते किंवा तडकते. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचे बोट लावावे; बुडबुडा आला तर नळी बदलावी, काम संपले.

चेन मोजून घ्यावी. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्याच कड्या सव्वाबारा इंचांच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे १२ इंच आणि एक अष्टमांशावर गेल्या, तर चेन झिजली, आणि ती तशीच ठेवली तर दातेरी चक्राचे दातही वाघनखांसारखे वाकतात. याच वेळी एका सुधारणेचा विचार करावा. या सायकलींना पुढे ४४ आणि मागे १८ दात असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला हे ठीक. परंतु बऱ्हाणपुरावरून पुढे उत्तरेस अशीरगडाच्या पायथ्याशी जावयाचे तर तो चढ आणि समोरचा वारा मिळून गुडघ्यांची परीक्षा पाहतात. मागे १८ ऐवजी २२ दातांचे फ्रीव्हील टाकले की हेच अंतर साडेचार मीटरांच्या आत येते. वेग थोडा जातो, गुडघे राहतात. गिअरची यंत्रणा बसविण्याच्या भरीस मात्र पडू नये. तिच्यासाठी फ्रेमच्या मागच्या खाचा पसराव्या लागतात, आणि मूळच्या साधेपणाचा जो फायदा म्हणून ही सायकल घेतली तोच नाहीसा होतो.

एवढे झाल्यावर ती चालवावयाची. सीट इतकी उंच असावी की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. आपल्याकडे लोक दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली बसतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलीला दोष देतात. ताठ बसण्याच्या या ठेवणीत छातीवर वारा येतो खरा; हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वाऱ्यासह वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. यावरचा उपाय चाकात नसून घड्याळात आहे: उन्हाळ्यात पहाटे निघावे आणि वारा सुटण्याआधी पोहोचावे. ताशी चौदा-पंधरा किलोमीटरांच्या चालीने या ताठ बैठकीचे काही बिघडत नाही, उलट मानेला त्रास न होता केळीच्या बागेवरून नजर फिरवीत जाता येते. तसेच चिमट्याची पुढे झुकलेली, लांब ठेवण आणि रुंद टायर यांच्यामुळे गाडरस्त्याचे धक्के हातांपर्यंत येता येता निम्मे होतात, आणि म्हणून महामार्गावर केळीच्या ट्रकांशी स्पर्धा करण्यापेक्षा जेथे शक्य तेथे शेतांमधून गेलेला गाडरस्ता धरावा. तेथे दोन शत्रू आहेत: बाभळीचा काटा, आणि पहिल्या पावसानंतरची काळी माती. ही माती टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या जागेत थरावर थर चढवीत जाते, आणि शंभर पावलांत चाक असे काही बांधले जाते की सायकलच माणसाच्या खांद्यावर चढते. काडीने उकरण्यावाचून उपाय नाही. खालच्या बाजूचे चेनकव्हर अशा वेळी काढून ठेवलेले बरे.

१९७३ साली एस. एस. विल्सन या ऑक्सफर्डच्या अभ्यासकाने प्राण्यांच्या व यंत्रांच्या चालीची तुलना प्रसिद्ध केली, तीत सायकलीवरच्या माणसाला पायी चालणाऱ्याच्या सुमारे एक-पंचमांश ऊर्जेत तेवढेच अंतर तोडता येते असे दाखविले होते, आणि कोणताही प्राणी वा यंत्र या बाबतीत त्याच्या बरोबरीला आले नव्हते. हलक्या सायकलींची जाहिरात करणारे हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात. पण सावकाश चालीने सपाटीवर जाणाऱ्याला वजनाचा फारसा भुर्दंड पडत नाही, चढावरच तो वसूल होतो. १९२३ साली मुंबईहून निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले, तेव्हा आजच्या कार्बनच्या सायकली कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. शाहपुराहून बऱ्हाणपूरच्या बाजारापर्यंत जाण्याला तर पोलाद पुरेसे हलके आहे.

नव्याने जुळविलेली सायकल पहिल्या काही दिवसांत पुन्हा एकदा सैल पडते, हे गृहीत धरूनच चालावे. कॉटर आपल्या खाचेत आणखी बसतो आणि नट ढिला होतो. तो तसाच राहिला तर क्रँक प्रत्येक फेऱ्यात टक्-टक् वाजू लागतो, आणि त्या आवाजाकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा कॉटर मध्येच पिचतो. तेव्हा पहिल्या आठवड्यात कॉटर, हँडलची चावी, दोन्ही चाकांचे नट आणि नव्या तारा हे सारे एकदा पान्याखालून घालावे. घरी दोन कॉटर, थोडे पाव इंची छर्रे आणि वीतभर वॉलट्यूब ठेवावी. गावातल्या दुकानांत हा माल अजून मिळतो, पण दुकानदार आता तो मागच्या फळीवर ठेवतात आणि शोधून द्यावयास वेळ लावतात. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास, जमीन वाळल्यावर, बीबी पुन्हा एकदा उघडावी, कारण पावसाळ्यात गाडरस्त्याने फिरलेल्या सायकलीच्या त्या नळीत चहाच्या रंगाचे पाणी हमखास साठलेले असते.